हृदय-फुप्फुस यंत्र आणि रक्तातील श्वेतपेशी

हृदयाची शस्त्रक्रिया करावयाची म्हणजे काही काळ हृदय थांबवावे लागते, रुग्णाचे रक्त शरीराबाहेर काढून यंत्रातून फिरविले जाते व ते पुन्हा शरीरात सोडले जाते, ही गोष्ट आता खेडोपाडी ऐकिवात आहे. ती ऐकल्यावर सर्वसामान्य माणसाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो साधा, परंतु महत्त्वाचा आहे. यंत्रातून फिरलेले रक्त पूर्वीसारखे राहते काय? त्यात काही बिघाड होत नाही काय? देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागातील लोहारदा येथील एखाद्या शेतकरी कुटुंबातील मुलाला हृदयाचा झडपेचा विकार आहे असे निदान झाले, तर ते कुटुंब इंदूर किंवा भोपाळ गाठण्यापूर्वी याच प्रश्नापाशी अडखळते. धार व देवास येथील पवारांच्या जुन्या संस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे असोत, की विदर्भ-मराठवाड्यातील ग्रामस्थ असोत, शंका सर्वत्र एकच असते. कित्येकदा या शंकेपायी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली जाते आणि तेवढ्या अवधीत हृदय अधिक थकते.

ही शंका अडाणीपणाची आहे असे म्हणून ती उडवून लावणे योग्य होणार नाही. वैद्यकशास्त्रानेही हाच प्रश्न स्वतःला विचारला व त्याचे उत्तर शोधण्यात अनेक वर्षे खर्ची घातली. ते उत्तर असे की, यंत्राच्या संपर्काने रक्त खवळते ही गोष्ट खरी आहे आणि रक्तातील श्वेतपेशी हा त्या खवळण्याचा मुख्य भाग आहे. परंतु हे खवळणे बहुतेक रुग्णांत काही दिवसांत शमते, आणि ते आटोक्यात ठेवण्याचे मार्गही आता ज्ञात आहेत. या दोन्ही बाजू नीट समजून घेणे, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

यंत्राचा जन्म

अमेरिकेतील जॉन गिबन या शल्यचिकित्सकाने या यंत्राची कल्पना प्रथम तडीस नेली. सन 1931 मध्ये बॉस्टन येथे एका स्त्रीच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली व तिला वाचविता आले नाही. तिचे निळसर पडलेले रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून ते परत शरीरात सोडता आले असते तर, हा विचार त्या रात्री गिबन यांच्या मनात आला. त्यानंतर सुमारे बावीस वर्षे त्यांनी व त्यांच्या पत्नी मेरी यांनी प्रयोग केले. दिनांक 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फिया येथे एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील पडद्याचे छिद्र त्यांनी या यंत्राच्या साहाय्याने बंद केले. सुमारे 26 मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे काम यंत्राने सांभाळले आणि ती मुलगी बरी होऊन घरी गेली. मात्र गिबन यांचे त्यानंतरचे रुग्ण वाचले नाहीत व त्यांनी हे काम थांबविले. पुढे वॉल्टन लिलेहाय, रिचर्ड डीवॉल, जॉन कर्कलिन आदींनी यंत्रात सुधारणा केल्या आणि 1955 नंतर अशा शस्त्रक्रिया नियमितपणे होऊ लागल्या.

भारतात 1960 च्या दशकाच्या आरंभी मुंबई व वेल्लोर येथे या यंत्राचा उपयोग सुरू झाला. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे या कार्याचे एक प्रमुख केंद्र होते. तेथील डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिनांक 16 फेब्रुवारी 1968 रोजी भारतातील पहिले हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेतील जगातील पहिल्या हृदयारोपणास तेव्हा अडीच महिनेच झाले होते. तो रुग्ण काही तासच जगला; परंतु महापालिकेच्या सार्वजनिक रुग्णालयात एवढे अवघड कार्य हाती घेण्यात आले, ही गोष्ट लक्षणीय होती. पुढे त्रिवेंद्रम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखाली हृदयाची कृत्रिम झडप देशातच तयार केली व डिसेंबर 1990 मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली.

यंत्र काय करते?

शरीरातून फिरून आलेले, प्राणवायू खर्च झालेले रक्त हृदयाच्या उजव्या भागात येते. शस्त्रक्रियेच्या वेळी ते तेथूनच नळीवाटे बाहेर काढले जाते. यंत्रात ते प्रथम एका भांड्यात जमते. पंपाच्या साहाय्याने ते पुढे ढकलले जाते, त्याचे तापमान आवश्यकतेप्रमाणे कमी किंवा अधिक केले जाते आणि प्राणवायू मिसळणाऱ्या भागातून जाऊन ते महारोहिणीत परत सोडले जाते. प्रौढ माणसात हा प्रवाह मिनिटाला सुमारे चार ते पाच लिटर असतो. म्हणजे शरीरातील सर्व रक्त जवळजवळ दर मिनिटाला एकदा यंत्रातून फिरून येते. रक्त नळीत गोठू नये म्हणून आधी हेपॅरिन हे औषध दिले जाते आणि काम संपल्यावर प्रोटामीन देऊन त्याचा परिणाम नाहीसा केला जातो.

प्रारंभीच्या यंत्रांत रक्तातून प्राणवायूचे बुडबुडे सोडले जात, त्यामुळे रक्त व वायू यांचा थेट संपर्क येई. पुढे केसासारख्या बारीक पोकळ तंतूंची रचना आली. या तंतूंच्या आतून वायू व बाहेरून रक्त वाहते आणि मध्ये पातळ पडदा राहतो. प्रौढांच्या यंत्रातील या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे दोन चौरस मीटर असते. एवढ्या मोठ्या परक्या पृष्ठभागावरून रक्त वारंवार वाहत असते, ही बाब पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

श्वेतपेशी म्हणजे गावचे जागले

रक्ताचा लाल रंग तांबड्या पेशींमुळे असतो. त्यांच्या मानाने श्वेतपेशी फारच थोड्या असतात. निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या साधारणपणे 4,000 ते 11,000 इतकी असते. त्यांतील निम्म्याहून अधिक पेशी न्यूट्रोफिल या प्रकारच्या असतात. जंतू शिरला की प्रथम धावून जाणाऱ्या त्या याच. त्याखेरीज लिम्फोसाइट व मोनोसाइट हे प्रकार आहेत. लिम्फोसाइट जुन्या शत्रूची ओळख लक्षात ठेवतात, तर मोनोसाइट ऊतींत शिरून साफसफाई करतात व इतर पेशींना माहिती पुरवितात. श्वेतपेशी परक्या वस्तूला गिळतात, हे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी 1882 मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे तारामाशाच्या पिलांत काटा टोचून पाहिले. या संशोधनाबद्दल त्यांना 1908 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

खेड्यात पूर्वी रात्रीच्या राखणीला जागल्या असे. अनोळखी पावले वाजली की तो हाक देई व घराघरांतून माणसे काठ्या घेऊन निघत. चोर खरोखरच आला असेल तर या जागरूकतेने गाव वाचे. परंतु समजा, एखाद्या रात्री शेकडो निरुपद्रवी वाटसरू एकाच वेळी वेशीतून आत शिरले आणि जागल्याने प्रत्येकाला चोर समजून हाकाटी केली, तर सगळे गाव अरुंद गल्ल्यांत गोळा होईल, गल्ल्या तुंबतील आणि कुंपणे व परसातील भाजीपाला गावकऱ्यांच्याच पायाखाली तुडविला जाईल. हृदय-फुप्फुस यंत्रावर असताना श्वेतपेशींचे जे होते ते जवळजवळ असेच असते.

यंत्राच्या संपर्काने काय घडते?

आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एका विशिष्ट पेशींचे अस्तर असते. हे अस्तर रक्ताला "आपले" वाटते. प्लॅस्टिकच्या नळ्या व तंतू यांना असे अस्तर नसते. त्यांचा स्पर्श होताच रक्तद्रवातील काही प्रथिने जागृत होतात. त्यांत पूरक प्रथिने या नावाने ओळखला जाणारा समूह विशेष महत्त्वाचा आहे. एक प्रथिन फुटले की त्याचा तुकडा दुसऱ्याला फोडतो, दुसरे तिसऱ्याला, अशी ही साखळी असते. यातून निर्माण होणारे काही तुकडे हीच जागल्याची हाक होय. ही हाक न्यूट्रोफिल पेशींना पोहोचते.

हाक ऐकलेल्या न्यूट्रोफिल पेशीत मोठा बदल होतो. एरवी ती रक्तवाहिनीच्या कडेने सैलपणे लोळत जाते. आता तिच्या पृष्ठभागावर चिकटून राहण्यास उपयोगी अशी प्रथिने वाढतात व ती अस्तराला घट्ट धरते. तिचा लवचिकपणाही कमी होतो. फुप्फुसातील कित्येक केशवाहिन्या न्यूट्रोफिल पेशीपेक्षाही अरुंद असतात. एरवी पेशी आपला आकार बदलून त्यांतून निसटते. ताठर झालेली पेशी मात्र तेथेच अडकते. अडकलेल्या पेशी इलास्टेज यांसारखी प्रथिने विरघळविणारी द्रव्ये व प्राणवायूची तीव्र संयुगे बाहेर टाकतात. ही शस्त्रे जंतूंसाठी असतात. येथे जंतू नसल्याने ती शरीराच्याच नाजूक ऊतींवर पडतात. केशवाहिन्या झिरपू लागतात, फुप्फुसात पाणी साठते आणि रक्तात प्राणवायू मिसळणे कठीण होते.

यंत्र हे याचे एकमेव कारण नाही, हेही सांगणे आवश्यक आहे. छाती उघडल्याची जखम, काही काळ रक्तपुरवठा बंद राहिलेल्या हृदयात व फुप्फुसात रक्त पुन्हा सुरू होणे, शरीर थंड करून पुन्हा उबविणे, आणि हेपॅरिन व प्रोटामीन यांचा संयोग, ही सर्व कारणे त्यात भर घालतात.

हे कसे कळले?

या ज्ञानाचा पहिला धागा हृदयशस्त्रक्रियेत नव्हे, तर मूत्रपिंडाच्या यंत्रात सापडला. सन 1968 मध्ये असे आढळून आले की, रक्तशुद्धीकरणाच्या, म्हणजे डायलिसिसच्या, पहिल्या काही मिनिटांतच रुग्णाच्या रक्तातील न्यूट्रोफिल पेशी एकदम घटतात व थोड्या वेळाने परत येतात. त्या जातात कोठे? सन 1977 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी याचे उत्तर दिले. यंत्रातील सेलोफेनच्या पडद्याला स्पर्श केलेला रक्तद्रव प्राण्यांच्या शरीरात सोडला असता, यंत्र प्रत्यक्ष न जोडताही त्यांच्या श्वेतपेशी घटल्या. त्या फुप्फुसात जाऊन अडकल्या होत्या. पडद्याने पूरक प्रथिने जागृत केली होती व त्या प्रथिनांनी पेशींना हाक दिली होती.

त्यानंतर 1981 मध्ये कर्कलिन ज्या गटात होते त्या संशोधकांनी हृदय-फुप्फुस यंत्रावरील रुग्णांत हीच प्रथिने जागृत होतात हे मोजून दाखविले. फुप्फुसात रक्त पुन्हा सुरू होताच न्यूट्रोफिल पेशी तेथे अडकतात, हेही दिसून आले. सन 1983 मध्ये त्याच गटाने पुढचा दुवा जोडला. ज्या रुग्णांत पूरक प्रथिनांचे तुकडे अधिक होते, ज्यांचा यंत्रावरील काळ अधिक होता व जे वयाने लहान होते, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर फुप्फुस, मूत्रपिंड व हृदय यांच्या तक्रारी अधिक आढळल्या. "यंत्रावर जितका कमी वेळ तितके बरे" हा शल्यचिकित्सकांचा अनुभव होता. त्याला आता शास्त्रीय आधार मिळाला.

तपासणीच्या कागदावर काय दिसते?

रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती रक्ततपासणीचा कागद येतो. त्यावरील आकडे पाहून ते घाबरतात. म्हणून हा क्रम ध्यानात ठेवावा. यंत्र सुरू होताच श्वेतपेशींची संख्या घटते. यंत्रात आधीच भरून ठेवलेल्या द्रवामुळे रक्त पातळ होते, हे त्याचे एक कारण. पेशी चिकटून बसतात, हे दुसरे. शरीर पुन्हा उबवून रक्तप्रवाह पूर्ववत होऊ लागला की अस्थिमज्जेतून नव्या न्यूट्रोफिल पेशी मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात व संख्या वाढत जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ती नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाणे व थोडा ताप येणे, हे पुष्कळ रुग्णांत आढळते. केवळ या आकड्यावरून जंतुसंसर्ग झाला असे ठरत नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. न्यूट्रोफिल पेशी अशा खवळलेल्या असताना लिम्फोसाइट पेशींची संख्या व कार्यशक्ती काही दिवस मंदावते, मोनोसाइट पेशींचीही माहिती पुरविण्याची क्षमता घटते. सारांश, एका बाजूने जागले नको तेथे धावत असतात, तर दुसऱ्या बाजूने खऱ्या चोराविरुद्धची तयारी कमी पडते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरचा पहिला आठवडा जंतुसंसर्गाच्या दृष्टीने जपण्याचा असतो. अतिदक्षता विभागात भेटीवर निर्बंध असतात ते याच कारणाने. गावाकडून वीस माणसे भेटीस आली व त्यांना आत सोडले नाही, तर तो अपमान मानू नये. त्या निर्बंधात रुग्णाचे हित असते.

उपाय व त्यांच्या मर्यादा

हे खवळणे कमी करण्यासाठी अनेक उपाय योजण्यात आले. बुडबुड्यांच्या यंत्राची जागा पडद्याच्या यंत्राने घेतली. नळ्यांच्या आतील बाजूस हेपॅरिनचा किंवा रक्ताला सुसह्य वाटणाऱ्या अन्य द्रव्याचा लेप देण्यात येऊ लागला. नळ्यांची लांबी व आत भरावयाचा द्रव कमी करण्यात आला. लहान मुलांत यंत्रातील द्रवाचे प्रमाण त्यांच्या स्वतःच्या रक्ताच्या मानाने फार मोठे होते. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी, छोटी यंत्रे वापरतात व जादा पाणी गाळून काढतात. श्वेतपेशी अडवून ठेवणारे गाळणेही तयार झाले. तथापि, त्याचा लाभ सर्व चाचण्यांत सारखा दिसला नाही व ते सरसकट वापरात आले नाही.

स्टेरॉइड औषधांनी श्वेतपेशींचा क्षोभ शमतो, म्हणून ती सर्वांनाच द्यावीत असा विचार दीर्घकाळ प्रचलित होता. त्याची कसोटी दोन मोठ्या चाचण्यांत लागली. नेदरलँड्समधील 4,494 रुग्णांची चाचणी 2012 मध्ये, आणि 18 देशांतील 7,507 रुग्णांची चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत प्रौढ रुग्णांच्या मृत्यूंचे प्रमाण या औषधांनी कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांची शस्त्रक्रिया यंत्राशिवाय, धडधडत्या हृदयावर करण्याची पद्धतही रूढ झाली. परंतु सन 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या तीस दिवसांतील मृत्यू व गंभीर उपद्रव यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय झडप बदलणे किंवा हृदयाच्या आतील मोठे दोष दुरुस्त करणे, ही कामे हृदय उघडूनच करावयाची झाल्यास यंत्रावाचून सहसा होत नाहीत.

यावरून निघणारा बोध स्पष्ट आहे. श्वेतपेशी या शत्रू नव्हेत. त्यांना पूर्णपणे गप्प केले तर जखम भरणार नाही व जंतूंना वाट मोकळी होईल. त्यांचा क्षोभ मर्यादेत राहील एवढेच साधावयाचे असते. त्यासाठी कुशल हात, कमीत कमी वेळ, योग्य यंत्र आणि शस्त्रक्रियेनंतरची दक्ष शुश्रूषा यांना पर्याय नाही.

गावाने काय करावे?

प्रथम, शस्त्रक्रियेची वेळच येऊ नये यासाठी. आपल्याकडे तरुण वयात झडपा खराब होण्याचे एक मोठे कारण संधिवाताचा ताप हे आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे दुखतो; दोन ते चार आठवड्यांनी ताप येऊन गुडघे, घोटे असे सांधे एकामागून एक सुजतात आणि या तापात हृदयाच्या झडपांना इजा होते. येथेही शरीराची संरक्षक शक्तीच चुकून आपल्या ऊतींवर उलटते. घशाच्या अशा दुखण्यावर वेळीच पेनिसिलिन दिले तर हे टळू शकते. एकदा असा ताप येऊन गेलेल्या मुलास डॉक्टरांच्या सल्ल्याने दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. पेरणी-कापणीच्या दिवसांत ते चुकणार नाही, यावर आशा कार्यकर्ती व शिक्षक यांनी लक्ष ठेवावे.

दुसरे, जन्मजात दोष लवकर ओळखण्यासाठी. दूध पिताना घामाने भिजणारे बाळ, वजन न वाढणारे मूल, रडताना ओठ निळे पडणारे मूल, खेळता खेळता उकिडवे बसणारे मूल, यांची तपासणी करून घ्यावी. दिनांक 6 फेब्रुवारी 2013 रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व शाळांतून तपासणी करण्याची तरतूद आहे. मध्य प्रदेशात मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना राबविण्यात आली. तपासणीच्या दिवशी मूल शाळेत हजर असणे, ही साधी गोष्ट त्याचे आयुष्य बदलू शकते.

तिसरे, शस्त्रक्रिया ठरल्यावर. विडी-तंबाखू आधीच बंद करावी, कारण धुराने चिडलेल्या फुप्फुसात श्वेतपेशींचा उपद्रव अधिक जाणवतो. किडलेल्या दातांवर उपचार करून घ्यावेत. मधुमेह असल्यास तो ताब्यात आणावा. शिकविलेले दीर्घ श्वासाचे व्यायाम चुकवू नयेत. घरी परतल्यावर ताप येणे, जखम लाल होणे, तिच्यातून पाणी किंवा पू वाहणे, छातीच्या हाडात खटका जाणवणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती लेप न लावता रुग्णालयाशी संपर्क साधावा. छातीचे हाड सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पाण्याच्या घागरी व चाऱ्याच्या पेंढ्या उचलू नयेत.

यंत्रातून फिरलेले रक्त बिघडते काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ते काही काळ खवळते, त्यातील राखणदार काही काळ गोंधळतात, आणि बहुतेक रुग्णांत ते पुन्हा आपल्या जागी येतात. हा धोका खरा आहे. म्हणूनच तो मोजला जातो व सांभाळला जातो. परंतु ज्या मुलाची झडप दिवसेंदिवस गळत आहे, त्याच्या बाबतीत वाट पाहत राहण्याचा धोका साधारणतः त्याहून मोठा असतो. निर्णय घेताना कुटुंबाने हे दोन्ही धोके तराजूच्या दोन पारड्यांत ठेवावेत, मनातील शंका डॉक्टरांना मोकळेपणाने विचाराव्यात आणि ग्रामपंचायत, शाळा व आरोग्य केंद्र यांनी त्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहावे.